बाराबंदीचे बारा बंद

“आत्या, मला संताजी व्हायचंय.” सुदुंबऱ्याचा माझा दहा वर्षांचा भाचा दिवाळीच्या सुट्टीत हे म्हणाला आणि माझे पुढचे सहा आठवडे ठरून गेले. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला गावात संताजी जगनाडे महाराजांची पुण्यतिथी असते. राज्यभरातून माणसे समाधीच्या दर्शनाला येतात. त्या दिवशी मुलांनी वेश करून दिंडीत चालायचे, असे त्याने आणि त्याच्या मित्रांनी आपापसांत ठरवले होते.

वेश भाड्याने देणाऱ्या एका दुकानात आम्ही गेलो. शिवराय होते, जिजाऊ होत्या, टिळक होते, झाशीची राणी तर तीन मापांत होती. संताजी म्हटल्यावर दुकानदाराने तुकोबांचा वेश पुढे ठेवला. पगडी तीच, उपरणे तेच, वीणा काढून हातात वही द्या म्हणाला. वेश चकचकीत पांढऱ्या सॅटीनचा, पाठीमागे चेन. भाच्याने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारले, “तेव्हा चेन होती का?”

नव्हती. आज कपड्यांना लागते तशी चेन 1913 च्या आसपास अमेरिकेत तयार झाली. सिंगरचे शिवणयंत्र 1851 चे. संताजींचा जन्म 1624 चा, चाकणचा. मुलाच्या त्या एका प्रश्नात ऐतिहासिक वेश शिवण्याच्या छंदाचे सगळे मर्म आहे. तो माणूस जगला तेव्हा काय होते, काय नव्हते, आणि जे होते ते कुणाच्या हातांनी बनत होते, हे शोधत शोधत सुई चालवायची.

जगभर या छंदाला आता कॉस्प्ले म्हणतात. कॉस्च्यूम आणि प्ले हे दोन इंग्रजी शब्द जोडून जपानमध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी 1980 च्या दशकात हा शब्द चालवला. त्याआधी, 1939 साली न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात मर्टल डग्लस यांनी स्वतः शिवलेला भविष्यकाळाचा पोशाख घालून लोकांना थक्क केले होते. पण वेश घेऊन दुसरे कुणीतरी होण्यासाठी आपल्याला परदेशी शब्दाची वाट पाहावी लागली नाही. आपल्याकडे बहुरूपी होते, रायरंद होते, पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव होता. नाथांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, महारीण अशी किती सोंगे आहेत. कोकणातला दशावतार आणि नाशिक-ठाण्याच्या डोंगराळ भागातला मुखवट्यांचा बोहाडा अजून उभा राहतो. सोंग हा शब्द आपण हल्ली ढोंगाच्या अर्थाने वापरतो, ते मला पटत नाही. चांगले सोंग आणायला फार बारीक नजर लागते. बहुरूप्याला पोलिसाचे सोंग आणायचे तर पोलीस पट्टा कसा आवळतो, हे त्याला पोलिसापेक्षा जास्त ठाऊक असावे लागते.

तर संताजी. सुदुंबरे हे मावळातले गाव, इंदोरीच्या शेजारचे. इंद्रायणीकाठचे देहू इथून जवळच. संताजी तेल्याच्या घरचे. घाणा चालवणारा हा तरुण तुकोबांच्या कीर्तनाने भारला, त्यांच्या चौदा टाळकऱ्यांतला एक झाला आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवू लागला. त्यांच्या हातच्या वह्यांना गाथेच्या अभ्यासात फार मोल आहे. वि. ल. भावे यांनी त्या वह्यांच्या आधारे तुकोबांची गाथा वेगळी छापली. वा. सी. बेंद्रे यांनी तुकोबांच्या संतसांगातींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. 2009 साली टपाल खात्याने संताजींचे तिकीट काढले. सुदुंबऱ्यात त्यांची समाधी आहे. तिची कथा गावातल्या पोरालाही पाठ असते. संताजींना माती देताना चेहरा काही केल्या झाकला जाईना. शेवटी आधीच वैकुंठाला गेलेले तुकोबा दिलेल्या शब्दाला जागून आले आणि त्यांनी तीन मुठी माती टाकली, तेव्हा तो झाकला गेला.

आता या माणसाच्या अंगावर काय असेल?

इथेच पहिली अडचण येते. राजांची चित्रे असतात. शिवाजी महाराजांच्या काळाला लागून असलेली चित्रे अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्समुझियममध्ये आहेत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मनुची या इटालियन प्रवाशाने मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून काढून घेतलेले महाराजांचे घोड्यावरचे चित्र पॅरिसला आहे. एकेकाळी महाराष्ट्रात महाराजांचे म्हणून भलत्याच माणसाचे चित्र छापले जात होते. बेंद्रे यांनी खरे चित्र शोधून 1933 साली लोकांसमोर ठेवले, तेव्हा ती चूक सुधारली. त्यांच्याच अभ्यासात महाराजांचे चित्रही आहे आणि तुकोबांच्या सोबत्यांचा शोधही, हा योग मला फार मोलाचा वाटतो. पण घाण्याभोवती बैल फिरवणाऱ्या तरुणासमोर कुठला चित्रकार बसणार? आज भिंतीवर संताजी दिसतात ते नंतरच्या भाविक चित्रकारांच्या मनातले.

आपल्या मनातली बहुतेक जुनी वस्त्रे अशीच कुणाच्या तरी मनातून आलेली आहेत. त्यातला एक मोठा कारखाना आमच्याच तालुक्यात होता. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळ मळवलीला आला. दगडावर चित्र उतरवायचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक ठसे उमटवत तसबीर पुरी करायची. मळवलीतून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती घरोघर गेल्या. त्यांतल्या काही तसबिरींवर बायका पुढे खरी जर आणि टिकल्या शिवत. 1972 साली प्रेस आगीत जळाला. रविवर्मांबद्दल एक गोष्ट वेश शिवणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी 14 पौराणिक चित्रे काढण्याआधी ते भावाबरोबर देशभर हिंडले. पुराणातल्या बायकांना कोणते वस्त्र नेसवावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. शेवटी त्यांनी आपल्या काळातली साडी निवडली, आणि सव्वाशे वर्षांनंतरही देवी म्हटले की आपल्याला तीच साडी दिसते.

पुढे हे काम सिनेमाने केले. प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीसांनी तुकोबा असे उभे केले की अनेक घरांतल्या तसबिरींत तुकोबांना पागनीसांचा चेहरा आला. भाड्याच्या दुकानातली ती पगडी आणि उपरणे तिथूनच चालत आलेले आहेत. वेशाचे मोल जगाने मान्य केले तेही एका मराठी बाईच्या हातून. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 साली ऑस्कर मिळाले, भारताचे पहिले. खादीचा पोत आणि पंच्याची घडी किती बोलू शकते, हे त्या चित्रपटातून कळते.

चित्र नसले तरी आधार अनेक असतात. मी तीन प्रश्न धरून चालते. कापड कसे विणले जायचे, माणूस दिवसभर काय काम करायचा, आणि त्याची ऐपत काय होती. गो. स. घुर्ये यांचे भारतीय वेशभूषेवरचे 1951 चे पुस्तक आणि मोतीचंद्र यांचे प्राचीन भारतीय वेशभूषेवरचे हिंदी पुस्तक हाताशी ठेवावे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन जुनी वस्त्रे आणि दागिने काचेपलीकडून का होईना डोळे भरून पाहावेत. इंग्लंडमध्ये जॅनेट अर्नोल्ड या बाईंनी संग्रहालयांतले जुने कपडे इंच-इंच मोजून त्यांचे नकाशे काढले. त्यांचे पहिले पुस्तक 1964 चे. त्यांच्या नकाशांवरून आज जगभर लोक शेकडो वर्षांपूर्वीचे झगे हुबेहूब शिवतात. आपल्याकडे जुना अंगरखा, बाराबंदी, खणाची चोळी घरातल्या ट्रंकेत अजून असेल तर कुणीतरी ती मोजून कागदावर उतरवायला हवी. कात्रीइतकीच फूटपट्टीची गरज आहे. असा एखादा कपडा जुन्या वाड्याच्या साफसफाईत चिंध्यांबरोबर गेला असे ऐकले की मला फार वाईट वाटते.

मावळात राहणाऱ्याला तर दोन हजार वर्षांचा नमुनासंच दगडात उपलब्ध आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत, खांबांवर हत्तीवर बसलेली माणसे आहेत. भाजे लेणी त्याहून जुनी. तिथे रथातला सूर्य आहे, हत्तीवरचा इंद्र आहे, नाचणारी बाई आहे आणि तिला साथ करणारा वादक आहे. या मंडळींच्या अंगावर शिवण जवळजवळ दिसतच नाही. पागोट्याची मोठी गाठ, कमरेला नेसलेले वस्त्र, त्यावर मण्यांची जड मेखला, पायांत वाळे. वरचे अंग बहुधा उघडेच. एकदा हे पाहिले की मालिकांतल्या सातवाहन राण्यांच्या अंगातले शिवलेले ब्लाऊज नजरेत खुपतात.

पुन्हा तेल्याकडे वळू. माझा तर्क असा की संताजींचे दोन वेश असणार. घाण्यावर उभा माणूस उघड्या अंगाने, धोतर गुडघ्याच्या वर खोचून काम करणार. तेलाच्या कामात अंगात कपडा ठेवून तो कोण खराब करील? कीर्तनाला निघताना मात्र हातपाय धुऊन अंगात बंदी, डोक्याला पागोटे, खांद्यावर पंचा, गळ्यात तुळशीची माळ. मार्गशीर्षातल्या थंडीत पोराला उघड्याने चालवणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही कीर्तनाचा वेश घेतला.

त्यात एक गोष्ट अशी सापडली की भाचा हरखूनच गेला. तुकोबा शके 1571 मध्ये गेले तेव्हा संताजी जेमतेम पंचविशीत होते. म्हणजे तुकोबांच्या मागे टाळ घेऊन उभा राहणारा, वहीत अभंग उतरवणारा संताजी कोवळा तरुण आहे. पांढऱ्या मिशा चिकटवायची गरजच नाही.

कापडासाठी मी हातमागाची खादी घेतली, न ब्लीच केलेली, सायीच्या रंगाची. तशी खादी मिळाली नाही तर कोरी मांजरपाट चालते. ती गिरणीची असते, पण पोत आणि रंग जवळ जातो. कापड आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचे, म्हणजे खळ निघते आणि आटायचे तेवढे आटून जाते. हे न करता मी एकदा कापड बेतले होते आणि पहिल्या धुण्यानंतर बाही मनगटावरून चार बोटे वर गेली होती.

बेतण्याच्या वेळी मला गावातल्या एका वयस्कर शिंप्यांनी अडवले. मी आजच्या सदऱ्यासारखा काखेला गोल काप घ्यायला निघाले होते. ते म्हणाले, “ताई, गोल कापू नका. जुन्या कपड्यात वाया काही जायचं नाही. सगळं चौकोनात आणि तिरक्यात.” त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. हातमागाचा पन्हा विणणाऱ्याच्या दोन हातांच्या आवाक्याएवढा, त्यामुळे अरुंद. सूत हाताने कातलेले, म्हणून महाग. अशा कापडातून गोल तुकडे काढून चिंध्या टाकणे कुणाला परवडणार? म्हणून पाठ आणि पुढा एकाच लांब पट्टीतून निघतो, खांद्यावर शिवण येतच नाही. बाही म्हणजे सरळ पट्टी, मनगटाकडे थोडी निमुळती. अंगाला फिरायला जागा हवी म्हणून बाजूंना तिरक्या कळ्या. आणि बाही जिथे अंगाला मिळते तिथे काखेत एक छोटा चौकोनी तुकडा, तिरपा बसवलेला.

त्या तीन इंची तुकड्याने मला सगळ्यात जास्त शिकवले. पहिल्या बंदीत मी तो गाळला होता. भाच्याने अंगात घातली, टाळ घेतले आणि विठ्ठल विठ्ठल करत हात डोक्यावर नेले. बंदी पोटावरून वर चढली आणि काखेत टरकन उसवली. मग तो तुकडा बसवला. आता हात वर गेले तरी कपडा जागेवर राहतो, कारण चौकोन तिरपा ताणला जाऊन हाताला हवी तेवढी लांबी देतो. टाळकऱ्याच्या, बैल हाकणाऱ्याच्या, नांगर धरणाऱ्याच्या कपड्यात तो तुकडा असायलाच हवा. कामकरी माणसाच्या अंगाचा हिशेब त्या चौकोनात आहे.

बंदी म्हणजे बंद असलेली. बाराबंदीला बारा बंद, म्हणजे सहा जोड्या. पुढचे दोन पल्ले एकमेकांवर येतात. आतला पल्ला आतून काखेत बांधायचा, बाहेरचा बाहेरून. गुंडी नाही, हूक नाही. माणूस वाळला किंवा भरला तर गाठ पुढेमागे करायची, कपडा तोच. मुघल काळातल्या चित्रांचे अभ्यासक जाम्याच्या, म्हणजे असाच काखेत बांधायच्या लांब अंगरख्याच्या, गाठीकडे फार बारकाईने पाहतात. हिंदूंचा जामा डाव्या काखेत बांधलेला असतो, मुसलमानांचा उजव्या. चित्रातला माणूस कोण हे ठरवताना ही गाठ उपयोगी पडते. शिवाजी महाराजांचा वेश शिवणाऱ्यांनी निदान एवढे तरी सांभाळावे.

बंद करणे हे कंटाळवाणे काम आहे आणि ते कंटाळा न करता करावे. इंचभर रुंदीची पट्टी घ्यायची, दोन्ही कडा आत दुमडायच्या, पुन्हा मधोमध दुमडून धावदोरा घालायचा. अशा बारा पट्ट्या, प्रत्येक वीतभर. मशीनवर टीप मारली तर अर्ध्या तासात होतात. मी हाताने शिवल्या, कारण हातशिलाईचा बंद मऊ राहतो आणि गाठ धरून ठेवतो. मशीनची टीप त्याला ताठ करते, मग गाठ सुटत राहते. चार संध्याकाळी गेल्या. भाचा शेजारी बसून प्रत्येक बंद मोजत होता.

पागोट्याबद्दल थोडे भांडायचे आहे. पुणेरी पगडी सुंदरच आहे, 2009 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ती पेशवाईनंतरच्या, एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात रुजलेली, ठरीव साच्यात घट्ट बांधून ठेवलेली पगडी. ती मावळ्याच्या डोक्यावर घातली की दोनशे वर्षांची गल्लत होते. संताजींसाठी आम्ही पाच मीटर मऊ सुती कापड घेऊन साधे मुंडासे रोज नव्याने बांधले. पहिल्या दिवशी ते भाच्याच्या डोळ्यांवर आले. आठव्या दिवशी त्याने आरशात न पाहता स्वतः बांधले.

सगळ्यात जीव रमला तो वहीत. संताजी लिहिणारे होते, तर हातातली वस्तू खरी हवी. पुण्यातली हातकागद संस्था 1940 पासून चालू आहे. हातकागदाचे ताव आणून मधोमध दुमडले आणि दोऱ्याने शिवून बाड केले. पूर्वी आपल्या भागात जुन्नरचा कागद नावाजलेला होता. लिहायला बोरू, म्हणजे बोरूच्या काडीला तिरपा काप देऊन, मध्ये चीर पाडून केलेली लेखणी. आणि शाई? जुनी काळी शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक. पणतीत तिळाचे तेल घालून वात लावायची, वर मातीचे झाकण उपडे धरायचे. तासाभरात चिमूटभर मखमली काजळी जमते. ती डिंकाच्या पाण्यात घोटायची, आणखी घोटायची, जितकी घोटाल तितकी शाई काळी आणि चिवट. काजळी खरवडता खरवडता माझ्या मनात आले, शाई तेलातून येते. लिहिणारा तेली होता. दिव्याचे तेल, शाईची काजळी, दोन्ही त्याच्या घरची.

वही बांधायला बासन हवे. बासनात गुंडाळून ठेवणे हे आपण विसरून जाण्याच्या अर्थाने म्हणतो. खरे तर बासन हे जपण्याचे साधन, पोथ्या आणि कागद ज्यात बांधून ठेवत ते फडके. त्याचा रंग मी कुसुंबी घ्यायचे ठरवले, आणि त्यालाही तेल्याच्या घराशीच नाते आहे. कुसुंबा म्हणजे करडई. बीमधून तेल निघते, फुलाच्या पाकळ्यांतून रंग. सोलापूरकडच्या नातेवाइकांनी वाळवलेल्या पाकळ्या पाठवल्या. त्या फडक्यात बांधून थंड पाण्यात मळायच्या. आधी पिवळे पाणी सुटते, ते फेकत राहायचे, पाणी नितळ होईपर्यंत. मग पाण्यात पापडखार घालून पुन्हा मळायच्या, आता मळकट तांबडे पाणी निघते. हे पाणी पाहून कुणालाही वाटेल की बिघडले. त्यात सुती फडके बुडवायचे आणि लिंबू पिळायचे. लिंबाचे थेंब पडले तिथून गुलाबी रंग पसरू लागला, आणि बघता बघता पातेलेभर पाणी फुलले. भाच्याने स्वयंपाकघरातून आईला हाक मारून आणले. पाकळीत दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात विरघळतो. तांबडा खाराच्या पाण्यात सुटतो आणि आंबट पडले की सुताला जाऊन चिकटतो. हा रंग उन्हात टिकत नाही, धुण्यातही उतरतो. म्हणूनच कुसुंबी वस्त्र सणासुदीचे असे. 1856 साली इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून पहिला कृत्रिम रंग निघाला. त्याआधीचा कापडाचा जवळजवळ प्रत्येक रंग झाडातून, मुळातून, किड्यातून किंवा मातीतून आलेला. दुकानातले झगझगीत जांभळे, पोपटी मावळे पाहिले की हे आठवते.

काळा रंग हवा असेल तर त्याचीही युक्ती सांगते. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस ठेवायचे. कापड हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवायचे, मग त्या लोखंडी पाण्यात घालायचे. डोळ्यांदेखत ते राखाडी आणि मग काळे होत जाते. हिरडा सह्याद्रीत मुबलक आहे.

माझी एक मैत्रीण तळेगावच्या उमाबाई दाभाडे उभ्या करते आहे. सुदुंबऱ्याच्या वेशीला लागून इंदोरीची गढी आहे, उमाबाईंचे पती सरसेनापती खंडेराव दाभाडे यांची. 1729 साली खंडेराव गेले. 1731 साली डभोईच्या लढाईत त्रिंबकराव हा मुलगा पडला. त्यानंतर उमाबाईंनी सेनापतिपदाचा कारभार हाती घेतला आणि 1732 साली त्या अहमदाबादेच्या मोहिमेवर गेल्या. मैत्रिणीने आधी जरीची भडक नऊवारी, मोठे कुंकू, नथ असा साज काढला होता. मग वर्ष आणि वय जुळवताना तिच्या लक्षात आले की मोहिमेवरच्या उमाबाई पतीच्या पश्चात आणि पोटच्या मुलाच्या मृत्यूनंतरच्या आहेत. तिने नथ काढून ठेवली. आता ती साध्या सुती लुगड्याला काष्टा घालून, पुढे गाठ मारायच्या चोळीवर शाल घेते. शिवून तयार मिळणारी नऊवारीही तिने सोडली, कारण लुगडे नेसण्यातच हत्तीवर चढण्याची आणि घोड्यावर बसण्याची सोय असते, ती शिवलेल्यात येत नाही. इतक्या साध्या वेशात ती समोर उभी राहिली तेव्हा मला पहिल्यांदा उमाबाईंचे दुःख आणि धाडस एकदम जाणवले.

चिलखत आणि हत्यारांचे थोडक्यात सांगते. जिरेटोपातला जिरे हा शब्द फारसी जिरहवरून आला, म्हणजे लोखंडी कड्यांचे चिलखत. कड्या ओवत बसण्याइतका वेळ नसेल तर नाटकवाल्यांचा जुना मार्ग बरा. जाड राखाडी लोकर जाड सुयांवर विणायची आणि वरून रुपेरी रंगाचा कोरडा हात फिरवायचा. दहा पावलांवरून कड्याच दिसतात. ढाल, तलवारीसाठी फोम शीट, दोन हात फेविकॉल, आधी काळा रंग, मग कडांवर रुपेरी. गर्दीत खरे हत्यार नको. पैशांचे म्हणाल तर सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे या छंदालाही लागू आहे. पण जुनी सुती चादर, आजीचे विरलेले लुगडे आणि वेळ एवढ्यावर खूप होते. नवे कापड असेल तर चहाच्या पाण्यात उकळून त्याचा कोरेपणा घालवावा आणि कोपरावर, गुडघ्यावर खरखरीत दगड फिरवावा. कपडा अंगावर झिजलेला दिसला पाहिजे. मावळ्यासाठी घोंगडी घ्याल तर चिंचोक्यांची खळ दिलेली घ्या. ती पहिल्यांदा ताठ असते, खांद्यावर तंबूसारखी उभी राहते. गडावरच्या पावसात पाणी का अडते, हे तिला हात लावल्यावर कळते.

पुण्यतिथीच्या सकाळी थंडी होती. समाधी मंदिराच्या आवारात भाचा टाळ घेऊन उभा होता, काखेत कुसुंबी बासनात वही, बोटांना शाईचे डाग. ते डाग आम्ही काढले नव्हते, आदल्या रात्री तो खरेच लिहीत बसला होता. एक म्हातारी आजी त्याच्याजवळ आल्या. त्यांनी मुंडाशाकडे पाहिले नाही, वहीकडेही नाही. बंदीचा एक बंद चिमटीत धरून म्हणाल्या, “आमच्या आज्याच्या अंगात असली होती.” मी घाईघाईने विचारले, बंद किती होते, गाठ कुठल्या काखेत होती? त्यांनी डोळे मिटले, हवेत दोन्ही हातांनी गाठ मारून पाहिली आणि डावी काख दाखवली. ते मी तिथेच मोबाईलमध्ये लिहून घेतले.

घरी येताना भाच्याने पुढचा वेश सांगून टाकला. सुदुंबऱ्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. पूर आला, दरड कोसळली की नारिंगी गणवेशातले जवान इथून निघतात. त्याला तो जवान व्हायचे आहे. मी त्याला सांगितले, गाड्या रस्त्याने जातील तेव्हा नीट बघ. खिसे किती, पट्टा कसा, गुडघ्यावर कापड दुहेरी आहे का, सगळे वहीत उतरव. त्याने बासन सोडले आणि मागच्या पानापासून नवी यादी सुरू केली.